वाचनालयातली कथालेखन कार्यशाळा: पहिल्या खर्ड्यापासून छापील पानापर्यंत

गावोगावच्या लेखन कार्यशाळांच्या निमंत्रणपत्रिका पाहिल्या तर त्यांत उद्घाटन असतं, दीपप्रज्वलन असतं, चार सत्रं आणि चार वक्ते असतात, समारोपाला प्रमाणपत्रं असतात. आलेल्या माणसाने लिहिलेलं एक पानही त्या दिवसात कुणी वाचत नाही. लेखक कसा घडतो यावर तो दिवसभर ऐकतो आणि पिशवीतली आपली कथा तशीच घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. लिहिणाऱ्याला सगळ्यांत जास्त गरज असते ती आपला मजकूर बारकाईने वाचणाऱ्या माणसांची, आणि तालुक्याच्या गावात नेमकी तीच मिळत नाहीत.

पुढे सांगितलेली कार्यशाळा त्या गरजेभोवतीच आखलेली आहे. ती भरवायला मोठी संस्था लागत नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं ‘क’ वर्गाचं वाचनालय, एक उत्साही ग्रंथपाल किंवा मराठीचा एखादा प्राध्यापक, आणि लिहिणारी दहा-बारा माणसं एवढं पुरतं. इथे मी कथेचीच कार्यशाळा धरली आहे. कविता, नाटक, ललित लेख यांच्यासाठी वेगळी भरवा. सगळे प्रकार एका खोलीत बसवले की कुणाच्याच लेखनाबद्दल नेमकं बोलता येत नाही.

संख्या आणि तारखा

आधी गणित मांडू. नव्या लेखकाची कथा साधारण २,००० शब्दांची धरा. तिच्यावर नीट बोलायला ४० मिनिटं लागतात. बारा कथांना ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास झाले. मधल्या सुट्ट्या आणि जेवण धरलं की दोन दिवस पूर्ण भरतात. म्हणून बाराच्या वर माणसं घेऊ नका. पंधरावा अर्जदार कितीही चांगला असला तरी त्याला पुढच्या वर्षीचं नाव द्या. पंधराजणांना घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटं कमी होतात आणि चर्चा ‘छान आहे, लिहीत राहा’वर येऊन थांबते.

सलग दोन-तीन दिवसांचं शिबिर सोयीचं वाटतं, पण त्यात पुनर्लेखनाला जागा राहत नाही, आणि पुनर्लेखन हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. त्यामुळे तीन भेटी ठेवा. पहिली भेट एका रविवारी, सरावासाठी. तीन आठवड्यांनी दुसरी, शनिवार-रविवार, चर्चेसाठी. त्यानंतर पाच आठवड्यांनी तिसरी, पुन्हा एक रविवार, दुसऱ्या खर्ड्यांसाठी आणि प्रकाशनाच्या माहितीसाठी.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. नोव्हेंबरअखेर सुरुवात झाली तर तिसरी भेट जानेवारीच्या अखेरीस येते, शिक्षक मंडळी परीक्षांच्या गडबडीत अडकायच्या आत. तुमच्या शिबिरार्थींत शिक्षक बरेच असणार हे गृहीत धरूनच चाला. शिवाय त्या वर्षीचे दिवाळी अंक वाचनालयात नुकतेच आलेले असतात, त्यामुळे आज काय छापलं जातं आहे याचा ताजा नमुना हाताशी राहतो. आणि तयार कथा एप्रिल-मेमध्ये संपादकांकडे जाऊ शकते. बरेच संपादक त्याच सुमारास पुढच्या अंकाची जुळवाजुळव सुरू करतात, जुलै उलटल्यावर नव्या नावाला जागा मिळणं अवघड होतं.

माणसं कशी निवडायची

अर्जात दोनच गोष्टी मागा. स्वतःच्या कोणत्याही गद्य लेखनाची दोन पानं, आणि आवडलेल्या तीन कथांची नावं, प्रत्येकीपुढे ती का आवडली हे दोन वाक्यांत. दुसऱ्या मागणीचं उत्तर मी आधी वाचेन. जो दुसऱ्याची कथा लक्ष देऊन वाचतो तोच कार्यशाळेत इतरांच्या उपयोगी पडतो, आणि पुढे स्वतःच्या मजकुराकडेही तसंच पाहू शकतो. वय, पदवी, आधीची पुस्तकं विचारू नका.

ज्यांचे अर्ज येणं कठीण आहे त्यांच्यापर्यंत स्वतः जा. बचत गटातली एखादी बाई वहीत लिहीत असते, एखादा मुलगा रात्रपाळीच्या फावल्या वेळात मोबाईलवर लिहीत असतो. त्यांना जाहिरात दिसत नाही, दिसली तरी ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ग्रंथपालाने त्यांना फोन केला की ती येतात. वेळही त्यांचा विचार करून ठरवा. सकाळी साडेदहाला सुरुवात आणि साडेचारला शेवट ठेवला तर स्वयंपाक उरकून येणारी आणि शेवटच्या एसटीने परतणारी, दोघंही टिकतात. लहान मूल घेऊन येणाऱ्या आईसाठी वाचनालयाचा बालविभाग उघडा ठेवा, तिथे एक माणूस बसवा.

खर्च

सर्वांत मोठी चैन झेरॉक्सची, आणि ती टाळू नये. पानाला २५० शब्द धरले तर एक कथा आठ पानांची होते. बारा कथा, प्रत्येकीच्या तेरा प्रती (बारा शिबिरार्थी आणि एक मार्गदर्शक), म्हणजे १,२४८ पानं. दीड रुपया दर धरला तर १,८७२ रुपये. पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून हे पैसे वाचवण्याचा मोह होईल. पण समासात पेन्सिलीने खूण करत केलेलं वाचन आणि मोबाईलवर बोटाने सरकवलेलं वाचन यांत फार अंतर असतं, आणि लेखकाच्या हातात शेवटी बारा खुणा केलेल्या प्रती पडणं हीच या कार्यशाळेची खरी कमाई आहे.

मार्गदर्शकाला मानधन आणि प्रवासखर्च द्या. शाल-श्रीफळ द्यायचं तर त्याशिवाय द्या. बारा कथा दोनदा वाचून टिपणं काढणं हे आठवडाभराचं काम आहे. शिबिरार्थींकडून थोडं शुल्क घ्या. पैसे भरलेला माणूस तिसऱ्या भेटीला नक्की येतो. विद्यार्थ्यांना आणि ज्यांना परवडत नाही त्यांना ते माफ करा, आणि ही माफी कार्यवाहाव्यतिरिक्त कुणाला कळू देऊ नका.

मार्गदर्शक कोण असावा

नावाजलेला लेखक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्याच्या मजकुरावर ज्याने वर्षानुवर्षं काम केलं आहे असा माणूस शोधा: एखाद्या अंकाचा संपादक, प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं वाचणारा, जाणता मुद्रितशोधक (छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधणारा). मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२मध्ये बंद पडलं, तोवर त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेत कुठे काय ढिलं पडलं आहे ते सांगत, पुन्हा लिहायला लावत आणि पुन्हा वाचत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखनशाळा १९३६पासून चालते, जगभर कार्यशाळेचा साचा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण आपल्याकडे पोस्टाच्या पाकिटांतून जे चाललं होतं तीही कार्यशाळाच होती, आणि तिने मराठी कथेला फार काही दिलं. ती पत्रं लिहिणारा संपादक आज दुर्मीळ झाला आहे. त्याचं काम थोडं थोडं बाराजणांनी वाटून घ्यावं असं मला वाटतं.

मार्गदर्शकाला बोलावतानाच स्पष्ट सांगा: भाषण नाही, दिवसभर थांबायचं आहे, सगळ्या कथा वाचून यायचं आहे. यातली एक जरी अट अवघड वाटली तर दुसरा माणूस पाहा.

पहिला रविवार: हात चालवणं

उद्घाटन नको. साडेदहाला बसा आणि पावणेअकराला सगळे लिहायला लागलेले असू देत.

पहिला सराव दहा मिनिटांचा. गावातली एक जागा, समजा एसटी स्टँड, एकही विशेषण न वापरता लिहायची. ‘गजबजलेला’, ‘उदास’, ‘जुनाट’ हे शब्द काढून घेतले की लेखकाला चौकशीच्या खिडकीवरची तुटलेली जाळी पाहावी लागते, बाकड्याखालच्या केळ्याच्या साली पाहाव्या लागतात. मग दोघातिघांनी वाचून दाखवायचं. कुठला तपशील त्या स्टँडचाच होता आणि कुठला कुठल्याही स्टँडवर चालला असता, एवढंच इतरांनी सांगायचं.

दुसऱ्या सरावावर जास्त वेळ द्या. प्रसंग ठरवून द्यायचा: बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आली आहे, सोबत भाऊ आहे. अर्धा तास लिहायचं. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात असं काहीसं येतं:

‘सुमनला खूप वाईट वाटले. तिच्या मनात भावनांचा कल्लोळ उठला. ज्या भावाने तिला अंगाखांद्यावर खेळवले त्यानेच आज तिला परके केले होते.’

यात चूक काही नाही, पण वाचणाऱ्याला करायला काहीच उरलेलं नाही. सगळा निवाडा निवेदकाने आधीच देऊन टाकला. मग सांगायचं की सुमनच्या मनातलं एकही वाक्य न लिहिता हाच प्रसंग पुन्हा लिहा. दुसऱ्या खर्ड्यात असं काही दिसू लागतं:

‘दादाने पेन पुढे केलं. टोपण त्यानेच काढून ठेवलं होतं.
“इथं, आणि मागच्या पानावर.”
सुमनने आधी मागचं पान उलटलं.
“वाचायचंय का तुला?”
“नाही. सही मराठीत करू का इंग्रजीत?”’

काय बदललं यावर चर्चा होऊ द्या. टोपण आधीच काढलेलं असण्यात भावाची घाई आहे, थोडी लाजही आहे. सुमन पान उलटते, म्हणजे तिला थांबायचं आहे. आणि ‘नाही’ म्हणताना तिने काय गिळलं ते वाचणाऱ्याने ओळखायचं आहे. जमल्यास तिसऱ्यांदा हाच प्रसंग साक्षीदार म्हणून आणलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून लिहून घ्या. निवेदक बदलला की कथेत काय दिसतं आणि काय झाकलं जातं, हे अर्ध्या तासात हाताला कळतं. ते तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही.

दुपारी बोलीचा प्रश्न घ्या, कारण तो येणारच. संवाद अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत, आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही वाट रुळलेली आहे. निवेदनही बोलीत करायचं असेल तर जरूर करावं, फक्त ते कोण सांगतं आहे ते लेखकाला पक्कं माहीत हवं. एका पात्राने एका पानावर ‘व्हतं’ आणि दुसऱ्यावर ‘होतं’ म्हणू नये. यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या बोलीतल्या रूपांची यादी करून ठेवा आणि कथाभर तीच पाळा. बोली विनोदापुरती वापरू नये, गरीब पात्रांपुरती तर मुळीच नाही. प्रमाण लेखनासाठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम (१९६२चे चौदा, १९७२चे चार) छापून प्रत्येकाच्या हाती द्या. त्यावर सत्र घेण्याची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ कथेच्या शेवटच्या खर्ड्यात तपासायचे असतात.

उठण्यापूर्वी कथेची मुदत सांगा: दोन आठवड्यांत टंकलिखित प्रत वाचनालयात पोचली पाहिजे, ओळींत दुप्पट अंतर आणि डावीकडे रुंद समास सोडून. झेरॉक्स काढून वाटायला दोन दिवस जातात, वाचायला निदान चार-पाच दिवस हवेत.

वाचायचं कसं

प्रत्येकाने प्रत्येक कथा दोनदा वाचायची. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्यांदा तीनच खुणा करायच्या: जिथे मी अडखळलो तिथे फुली, जिथे रेंगाळावंसं वाटलं तिथे उभी रेघ, जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. शेवटी लेखकाला उद्देशून अर्ध्या पानाचं पत्र, खाली आपल्या नावासकट. नाव असलं की माणूस जपून लिहितो आणि खरंही लिहितो. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘शब्दच नाहीत’ हे शब्द पत्रात चालणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

चर्चेचे दोन दिवस

दिवसाला सहा कथा, प्रत्येकीला ४० मिनिटं. कोणी तरी घड्याळ धरून बसलंच पाहिजे.

पहिली पाच मिनिटं एका वाचकाने कथेत काय घडतं ते सांगायचं, मत न देता. ही पायरी साधी दिसते, पण लेखकाला इथेच सगळ्यांत मोठा धक्का बसतो. त्याने आईची गोष्ट लिहिलेली असते आणि वाचणाऱ्याने ती मुलाची म्हणून वाचलेली असते. पुढची दहा मिनिटं कथेत काय धरून ठेवतं याबद्दल, ओळीवर बोट ठेवून. त्यानंतर पंधरा मिनिटं ती कुठे सुटते याबद्दल, तेही ओळीवर बोट ठेवून. मग पाच मिनिटं मार्गदर्शकाची. शेवटची पाच लेखकाची. तोपर्यंत लेखक गप्प असतो, फक्त लिहून घेतो. आपल्या पाळीत त्याने खुलासे द्यायचे नाहीत, प्रश्न विचारायचे: ‘सासऱ्याचं वय तुम्हाला किती वाटलं?’, ‘पत्र तिने वाचलं आहे हे कळलं का?’ कथा छापून आली की लेखक वाचकाशेजारी बसून समजावू शकणार नाही, त्याची सवय इथूनच व्हायला हवी.

काही गोष्टी ठामपणे बंद ठेवा. ‘हे तुझ्या घरातलंच आहे ना?’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. बायकांना तो हमखास विचारला जातो, आणि तो एकदा विचारला गेला की ती बाई पुढची कथा सावधपणे लिहिते किंवा लिहितच नाही. ‘आमच्याकडे असं घडत नाही’ हे वाक्यही नको. दलित, आदिवासी, भटक्या समाजातून आलेल्या लेखकांना ते वारंवार ऐकावं लागतं, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याला कथेतलं जग अनोळखी असतं एवढाच त्याचा अर्थ असतो. भाषा ‘अशुद्ध’ आहे असं म्हणणाऱ्याला मार्गदर्शकाने तिथल्या तिथे थांबवावं. इथे भिडस्तपणा केला तर ज्यांच्यासाठी ही खोली उघडली तेच पहिल्यांदा निघून जातात.

चर्चा संपली की खुणा केलेल्या सगळ्या प्रती आणि पत्रं लेखकाच्या हाती जातात. कथेचे फोटो काढायचे नाहीत, गटावर टाकायचे नाहीत. आणि कुणाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल, मार्गदर्शकाच्या वागण्याबद्दलसुद्धा, तर ती कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा.

पाच आठवडे: पुनर्लेखन

बारा पत्रं आणि बारा खुणा केलेल्या प्रती घेऊन लेखक घरी येतो तेव्हा गोंधळलेला असतो. पहिला आठवडा काहीच करू नये, प्रती पिशवीत राहू द्याव्यात. मग सगळ्या प्रती पसरून फुल्या एका कोऱ्या प्रतीवर उतरवून घ्याव्यात. चार-पाच वाचक एकाच परिच्छेदात अडखळले असतील तर तिथे नक्की काही तरी बिघडलं आहे. त्यांनी सुचवलेले उपाय मात्र बहुधा निरुपयोगी असतात, कारण प्रत्येकजण स्वतःची कथा सुचवत असतो. दुखतं कुठे ते वाचकाकडून घ्यावं, इलाज स्वतः शोधावा. एकाच माणसाने एकच फुली मारली असेल आणि तुम्हाला ते वाक्य हवं असेल तर ते राहू द्या.

दुसरा खर्डा जुन्या फाईलमध्ये खाडाखोड करून करू नका. कोरं पान घ्या, जुनी प्रत बंद ठेवा आणि कथा पुन्हा लिहा. जे आठवलं नाही ते बहुतेक वेळा नकोच होतं. लिहून झाल्यावर पहिला आणि शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. नव्या लेखकाची कथा पुष्कळदा दुसऱ्या परिच्छेदात सुरू होते आणि शेवटच्या आधीच्या परिच्छेदात संपलेली असते. मग मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. ज्या संवादावर त्याची जीभ अडते तो संवाद कुठलाही माणूस बोलणार नाही.

तिसरी भेट आणि अंकांकडे पाठवणं

सकाळचा वेळ दुसऱ्या खर्ड्यांना द्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. फक्त काय बदललं आणि त्याने काय झालं यावर बोला. दुपारी एखाद्या चालू अंकाच्या संपादकाला किंवा प्रकाशनात प्रत्यक्ष काम करणाऱ्याला बोलवा आणि त्याच्यासमोर प्रश्न ठेवा.

नव्या कथाकाराला मराठीत सर्वांत मोठं दार दिवाळी अंकांचं आहे. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ या मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९मध्ये, तेव्हापासून मराठी लेखकांच्या अनेक पिढ्यांची पहिली कथा अशा अंकांतून आली. वाचनालयातले अंक चाळून आपल्या प्रकारची कथा कोण छापतं ते आधी पाहा. पन्नास अंकांना एकच कथा पाठवण्यापेक्षा वाचून निवडलेले चार अंक बरे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी बालभारतीचं ‘किशोर’ पाहावं, ते १९७१पासून निघतं आहे.

कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करा, वर्डची फाईल आणि सोबत पीडीएफ पाठवा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची अक्षरं मोडतात आणि संपादक तो बाजूला ठेवतो. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचा स्पष्ट उल्लेख, तुमचं नाव-पत्ता आणि फोन. कथेचा आशय पत्रात सांगू नका, आधीचे पुरस्कार मोजू नका. निवडलेल्या अंकांपैकी एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. दोन महिने उलटले तर एक साधं विचारणापत्र पाठवा, त्यालाही उत्तर आलं नाही तर कथा मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. यासाठी एक वही ठेवा: कथा, अंक, पाठवल्याची तारीख, उत्तर. ‘साभार परत’ आलेली कथा त्याच आठवड्यात पुन्हा वाचा, दुरुस्त वाटलं तर करा आणि दुसरीकडे पाठवा.

कथा स्वीकारली गेली की मानधन आहे का आणि किती, हे विचारायला संकोचू नका. छोटे अंक देऊ शकत नाहीत, ते तसं सांगतात, मग निर्णय तुमचा. पण कथा छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणारे, किंवा ‘प्रातिनिधिक संग्रहा’त घेतो पण वीस प्रती विकत घ्या असं सांगणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. अशा संग्रहात निवड झालेलीच नसते, म्हणून वाचकही त्याच्याकडे वळत नाही.

पुस्तकाची वेळ आली की

सात-आठ कथा अंकांतून आल्या आणि हाताशी बारा-तेरा बऱ्या कथा जमल्या, तर पुस्तकाचा विचार करावा. त्याआधी नको. ३५,००० शब्दांचा संग्रह डेमी आकारात, पानाला २७० शब्द धरून, १३० पानांच्या आसपास होतो. सुरुवातीची पानं आणि अनुक्रमणिका धरून १४४ पानं, म्हणजे सोळापानी नऊ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फर्मा). हा हिशेब माहीत असला की प्रकाशकाशी किंवा मुद्रकाशी बोलताना खर्च कशाचा सांगितला जातो आहे ते कळतं.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर पाहा. हे मंडळ १९६०मध्ये स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. योजनेत हस्तलिखितं मागवून तज्ज्ञांकडून तपासून घेतली जातात आणि निवडलेल्या पहिल्या पुस्तकांच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. तुम्ही तिशीच्या आत असाल तर राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या ‘पीएम-युवा’ योजनेकडेही लक्ष ठेवा. २०२१मध्ये सुरू झालेल्या या योजनेत निवडलेल्या तरुण लेखकाला सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शन मिळतं. दर आवर्तनाचा विषय ठरवून दिलेला असतो, तो तुमच्या लेखनाला मानवतो का ते पाहून अर्ज करा.

प्रकाशकाशी बोलणी झाली तर लेखी करार हवाच, ओळख कितीही जुनी असो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. कलम १९ नीट वाचून ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. तुमच्या लेखनावरचा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तुम्ही तुमच्या मुलांच्या वतीनेही सही करत असता. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट हव्यात: आवृत्ती किती प्रतींची, रॉयल्टी किती टक्के आणि छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेवर, हिशेब वर्षातून कोणत्या महिन्यात मिळणार, लेखकाला किती प्रती. ई-पुस्तक, ऑडिओबुक, भाषांतर आणि चित्रपट-मालिका यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी एक ओळ असेल तर सही करू नका, वेळ मागा आणि एखाद्या वकिलाला दाखवा. लेखकाच्या खर्चाने पुस्तक निघत असेल तर त्यात कमीपणा नाही, पण मग प्रती कुणाच्या, विक्रीचे पैसे कुणाचे आणि उरलेला साठा कुठे राहणार, हेही कागदावर यायला हवं.

स्वतःच प्रकाशक होत असाल तर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणालाही पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत त्याच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी पाठवणं १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. पैसे वाचवायचे तर मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांत वाचवा, मुद्रितशोधनात नको. मुद्रितं निदान दोनदा तपासली जावीत आणि त्यातली एक खेप लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणी तरी करावी, कारण आपल्याच वाक्यातली चूक आपल्याला दिसत नाही.

पुढच्या वर्षासाठी

कार्यशाळा संपली तरी बाराजणांनी महिन्यातून एकदा भेटावं, एका भेटीत दोनच कथा घ्याव्यात, नियम तेच ठेवावेत. मार्गदर्शकाची आता गरज नसते. पुढची कार्यशाळा जाहीर कराल तेव्हा या बारांपैकी दोघांना वाचक म्हणून बोलवा आणि नव्या कथा त्यांच्याकडेही पाठवा, म्हणजे नव्या माणसांना खुणा केलेली प्रत कशी असते ते पहिल्याच दिवशी दाखवता येईल. झेरॉक्सच्या हिशेबात मात्र तेव्हा तेराऐवजी पंधरा प्रती धरा.